ङ कशाचा

आमच्या इथं शिकायला येणारं प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी माझ्या स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसून जातं. मी काही विचारत नाही. कांदे पुढ्यात सरकवते आणि सुरी हातात देते, म्हणजे रडायला निमित्त मिळतं.

रडतात ते नियमापायी. समुद्रापलीकडे ज्या देशात मिशनच्या सेवेला जायचं, तिथलीच भाषा या घरात बोलायची, येवो न येवो. जिन्यात आपली भाषा नाही, जेवणाच्या टेबलावर नाही, न्हाणीघराचं दार वाजवतानासुद्धा नाही. सूट फक्त माझ्या स्वयंपाकघराला, कारण मला ती भाषा येत नाही आणि शिकायची हौसही नाही. मी इथली मेट्रन. किल्ल्या, चादरी, गॅस, पाण्याचा पंप, सगळं माझ्या गळ्यात. सगळे मला मावशी म्हणतात आणि माझ्या तोंडाला भितात. त्यामुळे घर नीट चालतं.

पोपट कधी कांद्यांपाशी आला नाही, हे आधीच सांगून टाकते. तो यायचा, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा आणि भिंतीकडे तोंड करून वाक्यं घोकायचा. तोंडासमोर कागदाची बारीक पट्टी धरलेली. ही शिकवणाऱ्या बाईंची युक्ती. काही अक्षरं म्हणताना ती पट्टी हलली पाहिजे, काही म्हणताना मुळीच हलता कामा नये. पट्टी धरून हा तिकडच्या भाषेत म्हणत राहायचा: ही खुर्ची आहे, ही खुर्ची नाही, ही खुर्ची माझ्या वडिलांची आहे. अर्थ त्यानंच मला सांगितला होता, नाहीतर मला काय कळणार. "अरे, त्या खुर्चीला आता जरा टेकू दे," मी म्हणायचे. तो हसायचा आणि परत खुर्चीवरच यायचा. पोपट हे नाव मीच ठेवलं, ते मग घरभर झालं.

पोरगं सरळ होतं. ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकत नसे, एवढ्यावरच त्यानं मला जिंकलं. इथं यायच्या आधी तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा, आणि चूक दिसली की त्याला चैन पडत नसे. माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्यानं आल्या आल्या दुरुस्त केल्या. "मावशी, 'तांदुळ' नाही, 'तांदूळ'. दू दीर्घ." मी म्हटलं, "भाताला कळतं का ते?" पण दुसऱ्यांच्या चुका तो हसत काढायचा. स्वतःची एखादी निघाली की मात्र कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि दिवसभर जेवण जात नसे. पुढचा सगळा घोळ त्याच्या या स्वभावातून झाला.

मोबाइल आठवडाभर माझ्या कपाटात. रविवारी दुपारी ज्याचा त्याला परत. पोपटाचा फोन तो खाली यायच्या आतच वाजायला लागायचा, म्हणून मीच उचलायचे. पलीकडून आवाज यायचा, "मावशी, याई बोलतेय. आहे का आमचं पाखरू?" फोन कानापासून हातभर लांब धरावा लागे. ही पोपटाची मोठी बहीण. एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, आणि त्या मशीनच्या घरघरीत बोलून बोलून तिचा आवाज कायमचा चढला होता. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे. पोपटाला वाढवलं हिनं.

"तुम्ही त्याला पोपट म्हणता?" ती एकदा म्हणाली. "मावशी, हा तर बोलतच नव्हता. शाळेत घालायची वेळ आली तरी तोंडातून शब्द नाही. लोक मुका म्हणायला लागले. मी त्याला पुढ्यात घ्यायचे, त्याचा हात माझ्या गळ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, बघ, इथून आवाज निघतो, तूही काढ. शेवटी एकदा म्हणाला, याई. ताईमधला त येईना त्याला. मी म्हटलं, याई तर याई, ओ देते मी. तेव्हापासून मी याईच."

तर अशी ही बहीण होती, दर रविवारी होती, मी तिच्याशी बोलत होते. आणि वरच्या मजल्यावर वर्गात पोपटाला बहीणच नव्हती. हे मला शेवटच्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आता सगळं कळलं आहे, म्हणून झालं तसं सांगते.

शिकवणाऱ्या बाई मूळच्या तिकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या, म्हाताऱ्या झाल्या, नवरा गेला, तरी इथली आपली भाषा बोलताना त्यांना पुरुष कुठला आणि बाई कुठली हे अजून जमत नाही. "मावशी, माझी चहा थंड झाला," म्हणतात. मला म्हणतात, "तू फार चांगला बाई आहेस." पण त्यांच्या स्वतःच्या भाषेत कुणी तसूभर चुकलं तर सोडत नाहीत. आरसा हातात देऊन जीभ कुठं लागते ते बघायला लावतात.

शाळेतला अक्षरांचा तक्ता आठवा. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा, घ घराचा. मग ङ. तिथं चित्र नसतं. ङ कशाचाच नाही. लहानपणी आपण तो चौकोन सोडून द्यायचो आणि च चमच्याचा म्हणत पुढं सुटायचो. तिकडच्या भाषेत मात्र शब्द चक्क ङ पासून सुरू होतात, आणि मोठ्या बहिणीला म्हणतात ङोमा. म्हणून बघा. मलाही येत नाही. पोपटाच्या तोंडून आलं नोमा, आणि नोमा म्हणजे शेळी.

बाईंनी भर वर्गात विचारलं होतं, तुला मोठी बहीण आहे का. पोपटानं उत्तर आदल्या दिवशीच घोकून ठेवलं होतं, व्याकरण तपासून, एकही काना-मात्रा न चुकवता. तो उभा राहिला आणि खणखणीत म्हणाला, "मला एक मोठी शेळी आहे. ती माझ्यावर फार माया करते. ती हॉस्पिटलात इस्त्री करते."

वर्गात एक नर्स होती, तीही तिकडेच जायची होती. ती हसता हसता बाकाखाली गेली. बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, कुणीही हसलं असतं. पण छापील चूक ज्याला सोसत नाही त्याचा असा सगळ्यांसमोर पोपट झाला, आणि तो उभाच राहिला, कान लाल करून.

पुढच्या तासाला पुन्हा तेच प्रश्न ओळीनं. त्या भाषेची खोड अशी की नुसतं हो म्हणता येत नाही. बहीण आहे का विचारलं तर 'ङोमा आहे' असं पुरतं म्हणावं लागतं. नाही म्हणायला मात्र एक सुटसुटीत शब्द आहे: पळ. मला खाली ऐकू यायचं, पळ, पळ, पळ. सुरुवातीला वाटायचं वर्ग सुटला. तर पोपटाची पाळी आली. मोठी बहीण आहे का? पोपट म्हणाला, "पळ." उच्चार अगदी स्वच्छ, पट्टी हवी तेवढीच हलली. बाई म्हणाल्या, शाबास.

इथवर त्याला मी बोल लावत नाही. वर्गात सगळेच काहीबाही सांगतात. ज्याला जो शब्द येतो तो ते सांगतो. त्या नर्सचं लग्न झालेलं नव्हतं, पण 'जुळी मुलं' हा शब्द तिला आवडायचा म्हणून तिनं स्वतःला जुळी मुलं सांगितली होती. बाईंनाही वाटलं, शेळीचं वाक्य सरावापुरतं होतं आणि आत्ताचं उत्तर खरं.

पण बाईंनी त्याला नंतर जिन्यात गाठलं. त्यांच्या भाषेतच हळूच विचारलं, खरंच नाही का रे तुला मोठी बहीण? तिथं वर्ग नव्हता, नर्स नव्हती, हसायला कुणी नव्हतं. शेळी म्हणाला असता तरी चाललं असतं, हातवारे करून सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्याच्या तोंडून निघालं, "पळ." वर्गातला सराव होता. जिन्यातलं खोटं होतं.

बाईंचा चेहरा पडला. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीशिवाय माणूस म्हणजे दारावर थाप मारायला कुणी नसलेला माणूस. मोठी बहीण पुढं होते आणि म्हणते, हा माझा आहे, मग लोक घरात घेतात. बाईंनी मनावर घेतलं. त्याला वेगळा वेळ देऊन शिकवायला लागल्या. थंडीत स्वतः विणलेले मोजे आणून दिले. मी म्हटलं, आमच्या पोपटाची वट वाढली. तोही मोजे घालून माझ्या पुढ्यात पाय हलवत बसायचा. नंतर बाईंनी तिकडच्या आपल्या एका चुलत बहिणीला कळवलं. ती एकटीच राहणारी. ती म्हणाली, पाठव त्याला, मी होते त्याची मोठी बहीण. तिनं घरातली एक खोली रिकामी केली, रंग लावून घेतला. बाईंनी हे पोपटाला सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे असे लकाकत होते की याच्या तोंडून खरं निघेना. रोज ठरवायचा, उद्या सांगू. उद्या बाई आणखी काहीतरी घेऊन यायच्या.

शिक्षण संपलं की इथं निरोपाची उपासना होते. मंडळी जमतात, जाणारा प्रत्येक जण उभा राहून तिकडच्या भाषेत साक्ष देतो, म्हणजे देवानं आपल्याला कसं बोलावलं ते सांगतो, आणि बाजूला कुणीतरी उभं राहून ती वाक्यावाक्याला आपल्या भाषेत सांगतं. हीच परीक्षा. शेवटी बाईंनी मान हलवली तर माणूस जातो, नाहीतर राहतो. पोपटाची साक्ष बाईंनी तपासली, आणि मधे स्वतःच्या मनानं एक वाक्य घातलं: देवानं मला मोठी बहीण दिली नाही, पण तिकडे ती माझी वाट बघते आहे. ते वाक्य त्यांना फार आवडलं होतं. पोपटानं ते पाठ केलं. बाईंनी त्यात बहिणीला कवितेसारखं 'दार वाजवणारी' म्हटलं होतं, म्हणून ङ आड आला नाही, फक्त 'पळ' म्हणायचं होतं.

आणि त्या रविवारी फोनवर त्यानं ताईला सांगितलं, "तू नको येऊस. लांबचा प्रवास, सगळं तिकडच्या भाषेत असणार, तुला काही कळायचं नाही."

फोन त्याच्या कानाला होता, तरी मला गॅसपाशी ऐकू आलं. "भाषा नाही कळली तर नाही कळली. तुझा आवाज तर कळेल."

ती उपासनेच्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली. मला वाटलं होतं आडदांड बाई असेल, तर ती चिमणीएवढी. हातांवर इस्त्रीच्या चटक्यांचे जुने डाग. पोपट वर तयारी करत होता. मी म्हटलं, बसा, बोलावते. ती म्हणाली, "नको, त्याचं चित्त उडेल. ऐकूनच भेटते." मी चहा ठेवला. आम्ही फोनवर इतकं बोललो होतो की समोरासमोर काय बोलावं ते सुचेना, म्हणून ती माझ्या भांड्यांची तारीफ करायला लागली.

तेवढ्यात बाई आल्या. खुशीत होत्या, नवी साडी, हातात पिशवी. त्यांनी आम्हाला उघडून दाखवली. तिकडच्या बहिणीसाठी भेट होती, लोकरीची शाल. "आमचा पोपट तिला देईल," बाई म्हणाल्या. "बिचारी पोरगा. त्याला मोठा बहीण नाही ना. आता मिळाला."

मी हातातलं गाळणं खाली ठेवलं. माझ्या जिभेवर आलंच होतं, की अहो बाई, कुणी सांगितलं, ही काय समोर बसली आहे. तर ताईनं टेबलाखालून माझं मनगट धरलं. घट्ट. इस्त्रीवालीचा हात तो.

बाईंनी तिच्याकडे बघून विचारलं, "तू कोण? पोपटचा कोण?"

ताई म्हणाली, "शेजारीण. त्यांच्या शेजारी राहते मी." त्या बाईला इतक्या हळू बोलताना मी प्रथमच ऐकलं.

बाईंनी तिचे हात हातात घेतले, आलीस ते बरं झालं म्हणाल्या, पोपट किती गुणी आहे ते तिला सांगितलं आणि गेल्या. चहा उतू गेला. माझ्यासारखी फाटक्या तोंडाची बाई, आणि ऐन वेळी माझ्या तोंडाला कुलूप. मला माझी लाज वाटली, पोपटाची वाटली, आणि कशी कोण जाणे, ताईकडे बघायचीही वाटली.

"त्यानं तसं सांगितलं असेल तर काही कारण असेल," ताई म्हणाली. "शिकलेल्या लोकांत बसतो-उठतो. माझा हा असा आवाज." मग ती उठली आणि उतू गेलेला चहा पुसायला लागली. माझ्या ओट्यावर, माझं फडकं घेऊन. मी अडवलं नाही.

हॉल भरला होता. पुढं पाळकसाहेब, त्यांच्या शेजारी बाई, मांडीवर ती पिशवी. मी आणि ताई शेवटच्या बाकावर. पोपट उभा राहिला, इस्त्रीचा सदरा, बाजूला ती नर्स, आपल्या भाषेत सांगायला. त्यानं सुरुवात केली. खरं सांगते, छान बोलत होता. एक वाक्य तो, एक वाक्य नर्स. लहानपण झालं, छापखाना झाला, देवानं कसं बोलावलं ते झालं. मग त्याची नजर वर गेली आणि शेवटच्या बाकावर थांबली.

मी त्याचे कान बघत होते. पेटले.

पुढचं वाक्य कुठलं होतं ते त्याला माहीत होतं आणि बाईंना माहीत होतं. त्या मान पुढं करून वाट बघत होत्या. नर्सला माहीत होतं, ती तोंड उघडून तयार होती. तो 'पळ' म्हणाला असता की नर्सनं लगेच आपल्या भाषेत मोठ्यानं सांगितलं असतं, याला बहीण नाही, आणि ताईनं ते माझ्या शेजारी बसून ऐकलं असतं. ती सकाळीच ऐकून बसली आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तो थांबला तो थांबलाच. पाळकसाहेब खाकरले. मग पोपट काहीतरी म्हणाला, आणि नर्सनं सवयीनं सांगून टाकलं, "मला एक मोठी शेळी आहे."

तिनं जीभ चावली, पण शब्द गेला होता. हॉल हसला. पोपटानं पुन्हा म्हटलं, डोळे मिटून, गळा ताणून. पुन्हा नोमाच. नर्स या वेळी गप्प राहिली, पण ज्यांना भाषा येत होती ते हसले आणि त्यांच्याकडे बघून बाकीचे. ताईसुद्धा थोडी हसली. तिला वाटलं, भाऊ गंमत सांगतो आहे.

मग तो आपल्या भाषेत म्हणाला, "मला मोठी बहीण आहे. ती तिथं शेवटच्या बाकावर बसली आहे. मी बाईंशी खोटं बोललो."

सगळ्या माना मागं वळल्या. ताईनं पदर तोंडाशी धरला आणि खाली बघितलं. समोर बाई तिच्याकडे बघत होत्या, सकाळच्या शेजारणीकडे. त्यांच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली, ती उचलायला कुणी वाकलं नाही. पाळकसाहेब उठून म्हणाले, आपण प्रार्थना करू या. एवढ्या पटकन डोळे मिटलेली मंडळी मी कधी बघितली नाहीत.

नंतर स्वयंपाकघरात मी दार लावून घेतलं. पोपट स्टुलावर, ताई उभी.

"मी शेजारीण म्हणाले होते त्यांना," ती अजूनही हळूच बोलत होती. "निभावलं होतं सगळं. तू मला कशाला उभं केलंस? आता मीही खोटारडी झाले त्यांच्यापुढं. इतकी माझी लाज वाटत होती तर वाटू द्यायची होतीस. मी गुपचूप ऐकून गेले असते."

"याई, तुझी लाज नव्हती गं," पोपट म्हणाला. "मला तो शब्द येत नव्हता."

"कुठला शब्द?"

"मोठी बहीण. ङ पासून सुरू होतो."

ताईनं माझ्याकडे बघितलं, हा चेष्टा करतोय का म्हणून. कारण इतकं फालतू होतं की खरं वाटणं कठीण. माणसाला एखादं तोलामोलाचं कारण लागतं. गरिबी, आवाज, हातावरचे डाग. तसलं काही असतं तर तिनं माफही करून टाकलं असतं.

"ङ म्हणजे तो तक्त्यावरचा?" ती म्हणाली. "ज्याला चित्र नसतं तो?"

"हो."

"म्हणजे मी त्या रिकाम्या चौकोनातली."

पोपटानं तोंड हातात घेतलं. "सगळे हसले होते. मला पुन्हा हसं नको होतं. नाही म्हणायला शब्द सोपा होता, म्हणून नाही म्हटलं. मग बाई माया करायला लागल्या, ती आवडली. मग माझीच मला लाज वाटायला लागली, आणि ती झाकायला रोज नाही म्हणत गेलो." एवढं बोलून तो रडला. कांदे नव्हते, काही निमित्त नव्हतं. मी पाठ करून भांडी लावत बसले.

दार वाजलं. बाई आत आल्या. त्या ताईपुढं येऊन उभ्या राहिल्या. "मी तुमची भाऊ चोरला," त्या म्हणाल्या. "मला माहीत नव्हता."

ताई म्हणाली, "मीही तुम्हाला खोटं सांगितलं."

"तू बहीण आहेस, म्हणून खोटा बोलली. तो का बोलली?"

पोपटानं मान वर न करता सांगितलं, शेळीपासून जिन्यापर्यंत. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता म्हण."

"नोमा," तो म्हणाला.

"आमच्याकडे सगळा लहान पोरं नोमाच म्हणतात," बाई म्हणाल्या. "ङ उशिरा येतो. मी शाळेत गेली तोपर्यंत माझी मोठी बहीण शेळी होती. हाक मारली की यायची. कुठली बहीण रागावत नाही. तू जिन्यात मला शेळी म्हटला असता, मला कळला असता."

इतके महिने ज्या चुकीला तो भ्यायला, ती तिकडच्या प्रत्येक पोरानं केलेली होती.

"मी मान हलवणार," बाई म्हणाल्या. "पाळकसाहेबांना मी सांगेन, तो जाईल. पण माझी चुलत बहीण खोली रंगवून बसली आहे. तिला मी काही कळवणार नाही. तू तिच्या दारात उभी राहा आणि पहिला वाक्य हाच सांग. मला मोठी बहीण आहे. मग ती घरात घेईल नाहीतर नाही घेणार. शालही तूच दे." पिशवी त्यांनी त्याच्या पायाशी ठेवली. त्याला नापास केलं असतं तर त्याला जास्त बरं वाटलं असतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

ताई संध्याकाळच्या गाडीनं परत निघाली. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत तिची सकाळची ड्यूटी होती. पोपट तिची पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेला, मी कुलपाचं निमित्त काढून मागं मागं. तिनं त्याच्या हातातून पिशवी घेतली, त्याची कॉलर नीट केली आणि एक अक्षर न बोलता चालायला लागली. दिवसभरात तिचा तो मोठा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. मला तो हवा होता, कान फुटले तरी.

"नोमा," पोपटानं हाक मारली.

ती चालत राहिली.

रस्त्यावर माणसं होती. समोरच्या दुकानातली होती, रिक्षावाले होते, आमच्या वरच्या खिडकीत ती नर्स होती. पोपटानं त्या सगळ्यांसमोर पुन्हा हाक मारली, गळ्याच्या शिरा ताठ होईपर्यंत, चुकीची, धडधडीत चुकीची. "नोमा."

ती थांबली. वळली नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग लाँड्रीतल्या सगळ्या मशीन चालू असल्यासारखी मोठ्यानं म्हणाली, "ओ."